टॉर्च धरणारी

माझं पडद्यांचं दुकान आहे, हुबळीत, कोप्पीकर रोडवर. अप्पा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. दिवसभर मी लोकांच्या खिडक्या झाकायचा धंदा करते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मॅडम, असा पडदा द्या की भर दुपारी रात्र झाली पाहिजे. कसलंही कापड लावलं तरी कडेनं उजेड येतोच, हे मी सांगत नाही. सांगितलं तर विकू काय?

खरा अंधार मला माहीत आहे, तो धारवाडच्या बाहेरच्या एका तळ्यावरचा. नुग्गीकेरीच्या पुढं कलघटगी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक मातीचा बांध दिसतो. बांधाच्या टोकाला चिंचेचं एकच झाड आहे. अक्का आणि मी तिथं रात्रीचे फोटो काढायला जायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सरिता. ती कॉलेजात होती आणि मी शाळेत. तिनं बेळगावच्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडून जुना रशियन कॅमेरा आणला होता, आणि त्याच्यावर एक लेन्स होती. वरवंट्यासारखी जड. तिला दोन कड्या, एकीनं उजेड कमीजास्त करायचा, दुसरीनं फोकस. आपोआप होणारं तिच्यात काहीही नाही.

अंधारात अशा लेन्सनं फोकस करायचा म्हणजे पंचाईत असते. कॅमेऱ्यात बघितलं तर काळं, तिथं झाड आहे की म्हैस आहे, कळत नाही. म्हणून एकीनं टॉर्च घेऊन झाडाखाली जाऊन उभं राहायचं आणि तो स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचा. दुसरीनं त्या उजळलेल्या तोंडावर कडी फिरवत फोकस आणायचा. आला की ओरडायचं, ‘बंतु!’ कन्नडमध्ये बंतु म्हणजे आलं. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण लांब ओरडायचं असलं की तोंडातून कन्नडच निघायचं, बाजारात वाढल्याचा परिणाम. बंतु ऐकलं की टॉर्च विझवायचा आणि झाडाला चिकटून गप्प उभं राहायचं. मग अक्का शटर उघडून ठेवणार आणि तळ्यावरचं आभाळ, पाणी, धारवाडच्या दिव्यांची लांबची लाली सगळं हळूहळू फिल्मवर उतरणार.

टॉर्च धरणारी अर्थातच मी. धाकट्यांच्या नशिबी पळापळ लिहिलेलीच असते. बांधावरून ठेचकाळत जायचं, डास चावून घ्यायचे, आणि तिकडून अक्काच्या शिव्या ऐकायच्या. ‘शुभे, हलू नकोस की. मान वर कर. तोंड बंद कर, दात चमकायलेत.’ तिला फोकस कधी पटकन सापडला नाही. कडी पुढं, कडी मागं, पुन्हा पुढं. माझ्या डोळ्यांपुढं उजेडाचे गोळे नाचायला लागायचे आणि तिचं चाललेलंच. मी खूप चिडायची. त्या वेळी कुणी मला सांगितलं असतं, की बाई, जन्मभर तुला याचीच आठवण येणार आहे, तर मी टॉर्च फेकून मारला असता.

अक्का लग्न होऊन आधी पुण्याला गेली, मग डब्लिनला. कॅमेरा बिघडला, फिल्म मिळेनाशी झाली. लेन्स मात्र माझ्याकडे राहिली. जाताना म्हणाली होती, ‘ठेव तुझ्यापाशी. मी आले की जाऊया तळ्यावर.’ ती दोनदा आली. एकदा तिची आरुषी तान्ही होती, एकदा अप्पा गेले होते. दोन्ही वेळा लेन्सचं नाव काढायची सोय नव्हती.

मध्यंतरी मला कळलं, की या जुन्या लेन्सा हल्लीच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसतात. मधे एक धातूचं कडं घालायचं, अडॅप्टर, की झालं. मी जुना वापरलेला एक मिररलेस मिळवला. गंमत अशी, की लेन्स बसते, पण कॅमेऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. जुन्या लेन्सला त्याच्याशी बोलता येत नाही, म्हणून तो समजतो आपल्या तोंडाला काही लावलेलंच नाही, आणि फोटो काढायला नकार देतो. मग मेनूत शिरून त्याला परवानगी द्यावी लागते, की बाबा, लेन्स नसली तरी चालव. हे झालं की मात्र मजा आहे. मागच्या पडद्यावर हवा तो तुकडा दहापट मोठा करून बघता येतो. लांबच्या माणसाची पापणी दिसते. अक्काला तेव्हा हे मिळालं असतं तर माझं निम्मं रक्त डासांपासून वाचलं असतं.

माझं अडॅप्टर केसभर पातळ निघालं. त्यामुळे फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवली तर ती पार पलीकडे जाते आणि लांबचं सगळं पुसट होतं. शेवटाच्या जरा अलीकडे थांबावं लागतं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावणारा प्रत्येक माणूस ही चूक एकदा तरी करतो. मी चिकार केली.

टॉर्च धरायला मी नवऱ्याला नेऊन बघितलं. चेतन गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्ह बनवतो, माणूस लाखात एक, पण उभं राहणं त्याला जमत नाही. डास मारला, खाजवलं, फोन आला तर टॉर्चसकट फिरत फिरत बोलत सुटला. मग एकदा मी टॉर्च फांदीला बांधला, इकडे येऊन फोकस केला, परत जाऊन विझवला. उत्तम झालं. फोटो स्वच्छ आला. म्हणजे टॉर्च धरायला माणूस लागतोच असं काही नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला अक्का पाहिजे होती. फोन रोज यायचा, तोंड रोज दिसायचं, पण त्या बोलण्यात आमच्या दोघींचं काही नसायचं. आईची गोळी, आरुषीची परीक्षा, तिथला पाऊस, इथलं ऊन. मी तळ्याचा फोटो पाठवला की तिचा अंगठा यायचा. नुसता अंगठा. माझी अक्का तिथं कुठंतरी आहे की आता एक भली बाई राहिली आहे, तेवढं मला बघायचं होतं.

या डिसेंबरात ती एकटीच आली. मी आधीच कळवून टाकलं होतं, एक संध्याकाळ माझी. ती म्हणाली, ‘अगं एक काय, रोज जाऊया.’ बोलाचीच कढी. आल्यावर बँक निघाली, दातांचा डॉक्टर निघाला, इचलकरंजीचं सासर निघालं, शिंपी निघाला. केशवापुरातल्या आमच्या घरात सकाळपासून माणसांची रीघ. अक्का सगळ्यांशी गोड बोलायची, सगळ्यांना चॉकलेटं वाटायची, आणि रात्री मी विचारलं की म्हणायची, ‘उद्या नक्की गं.’ मी कॅमेऱ्याची बॅटरी रोज चार्ज करत होते. चार्ज झालेलीच होती, तरी करत होते.

जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. समोर एक नवरा-बायको बेडरूमचा पडदा बघत होते. अक्का गल्ल्याजवळ बसली आणि म्हणाली, ‘शुभे, आज पण जमेल असं वाटत नाही गं. मावशीकडं जेवायला बोलावलंय. एक करूया काय? रात्री गच्चीवरनं काढूया. फोनमध्ये नाइट मोड आहे माझ्या. काल काढले, बघ की.’

तिनं फोन पुढं केला. आमच्या गच्चीवरून दिसणारं केशवापूर होतं. पाण्याच्या टाक्या, वायरी, वाळत घातलेली चादर, सगळं लख्ख.

‘रात्र कुठाय यात?’ मी म्हणाले.

‘म्हणजे?’

‘म्हणजे दुपार दिसायलीय ही. रात्र काढून टाकलीय त्या फोननं.’

‘किती स्वच्छ आलाय पण.’

‘होय, स्वच्छ आलाय. घेऊन जा तिकडं आणि फ्रेम कर.’

गिऱ्हाईक बायको नवऱ्याकडे बघायला लागली. मी कापड उलगडायला घेतलं. ताग्याचं टोक सापडेना. अक्का म्हणाली, ‘रागावलीस काय गं?’ मी म्हणाले, ‘रागवायला काय झालं. तू पाहुणी आहेस, पाहुण्यांवर कोण रागावतंय?’ हे तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. ती उठून गेली, आणि मी त्या नवरा-बायकोला जे कापड दाखवलं त्याचं मोजमाप दोनदा चुकवलं.

दुसऱ्या दिवशी रात्रीच तिची बेंगळुरूची गाडी होती. दुपार टळली, मी दुकानातच बसून होते. घरी जाऊन बॅगा भरायला मदत करायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात अक्का दारात उभी, आईची शाल गुंडाळून, एका हातात माझी कॅमेऱ्याची बॅग.

‘ऊठ,’ ती म्हणाली.

‘बॅगा?’

‘आई भरायलीय. भरू दे. नुसती लोणचीच तर भरणार. ऊठ म्हटलं ना.’

मी स्कूटर काढली. ती मागं बसली. नवलूरपर्यंत शेजारच्या राखीव रस्त्यावरून चिगरी, म्हणजे आमच्याकडच्या सिटी बस, एकामागून एक पुढं जात होत्या. मग तिनं माझ्या पाठीला कपाळ टेकलं. वारा लागत होता म्हणून असेल. मी काही विचारलं नाही, स्कूटर जरा हळू केली.

तळ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. पाणी खूप कमी झालं होतं, पण चिंच होती तशीच होती. मी ट्रायपॉड लावला, लेन्स चढवली, कॅमेरा तिच्या स्वाधीन केला. मोठं करून कसं बघायचं ते दाखवलं. ती ‘हं, हं’ करत होती. चाळिशीचा चष्मा नाकावरून घसरत होता, तो तिनं शालीनं पुसून परत लावला. अडॅप्टरचं सांगायचं माझ्या मनात होतं, पण मला घाई झाली होती. कधी एकदा झाडाखाली जाते असं झालं होतं. अडतिसाव्या वर्षी मी त्या बांधावरून पळत गेले.

झाडाखाली उभी राहिले, टॉर्च तोंडावर मारला. डोळे मिटले नाहीत, सवय होती. तिकडे अक्काच्या बाजूला गडद काळं. मी शिव्यांची वाट बघत होते. मान वर कर म्हणेल, दात झाक म्हणेल. माझं उत्तरसुद्धा तयार होतं.

‘बंतु,’ ती ओरडली.

एवढ्यात? मी उभी राहून नीट श्वाससुद्धा घेतला नव्हता. जिला आयुष्यात कधी फोकस पटकन सापडला नाही, तिला इतक्या वर्षांनी आल्या आल्या सापडला? मला लगेच कळलं, हिनं कडी शेवटपर्यंत फिरवली आणि मोकळी झाली. रात्री गाडी आहे. बहिणीचं मन राखायचं आहे. उरकलं.

मी टॉर्च विझवला. पुसट येणार हे ठाऊक असलेल्या फोटोसाठी झाडाला चिकटून उभी राहिले, अजिबात न हलता. बेडूक ओरडत होते. इतका एकटेपणा मला त्या झाडाखाली शाळेत असतानासुद्धा वाटला नव्हता. तेव्हा पलीकडे अक्का होती.

‘झालं गं,’ अशी हाक आली तशी मी परत निघाले. पडद्यावर फोटो होता. सगळा चिखल. झाड म्हणजे एक डाग, दिवे म्हणजे ताटाएवढे गोळे.

‘शेवटपर्यंत फिरवलीस ना कडी?’ मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. ‘या अडॅप्टरवर तसं चालत नाही. मी सांगायला पाहिजे होतं. पण तू बघायला तरी पाहिजे होतंस की गं. एकदा तरी.’

मी फोनचा उजेड लेन्सवर मारला. कडी शेवटाला नव्हतीच. सकाळी दुकानाला निघायच्या आधी मी घरी बटणाचा फोटो काढला होता, अगदी जवळून. कडी तिथंच होती, पार दुसऱ्या टोकाला. कुणी हातही लावलेला नव्हता.

‘फिरवलीच नाहीस?’

‘नाही.’

‘मग बंतु का म्हणालीस?’

अक्कानं चष्मा काढला. ‘तू सांगितलंस तसं मोठं केलं. आधी नुसता गोळा दिसला. मग मी लेन्स नाही फिरवली, तशीच बघत राहिले. गोळ्यातसुद्धा कळलं मला. मान वाकडी करून उभी राहिलीस ना, तशीच. कुणी काही म्हणायच्या आधीच.’ तिनं चष्मा मिटला. ‘दहा दिवस तुझ्या हातचं जेवले शुभे, आणि तुझ्याकडं बघितलंच नाही. आता फोकस केला तर सगळं दिसेल म्हटलं. किती वर्षं गेली ते दिसेल. मला झेपेना. म्हणून बंतु म्हटलं, की विझव गं बाई तो टॉर्च.’

मी तिच्यावर रागावायला आले होते. राग कुठं ठेवू कळेना.

‘परत कधी येणार?’ मी विचारलं. इतके दिवस हा प्रश्न मी गिळून ठेवला होता.

‘माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘आरुषीचं कॉलेज होईपर्यंत तर नाहीच. नंतरचं मी आता बोलत नाही. आधी बोलायची मी, आठवतंय? परत येऊ, दुकानाच्या वरची खोली घेऊ. आता घरात कुणी विचारतही नाही.’

हे मला माहीत होतं. अंगठे येत होते तेव्हापासून माहीत होतं. तिच्या तोंडून मात्र आज पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्या खांद्यावरची शाल उगीच नीट केली. तीही उगीच उभी राहिली. लांब रस्त्यावर एक ट्रक गेला आणि चिंचेवरून त्याचा उजेड फिरला.

‘आण तो इकडं,’ ती म्हणाली आणि माझ्या हातातला टॉर्च घेतला. ‘आता मी जाते. तू बघ.’

‘तू पडशील. बूट बघ तुझे.’

‘पडू दे. तू लहान होतीस, तू जायचीस की.’

ती निघाली. टॉर्चचा ठिपका बांधावरून डुगडुगत चालला. मधे एकदा थांबला, बहुतेक पाय घसरला. ‘साप असतात काय गं अजून?’ ती ओरडली. मी म्हणाले, ‘असतात की. तू बोलत राहा, म्हणजे पळतील.’ इतक्या वेळा आम्ही इथं आलो, पण त्या झाडाखाली ती कधी उभी राहिली नव्हती. मागं कॅमेऱ्याजवळ नेहमी तीच.

ठिपका झाडापाशी गेला, वळला आणि वर झाला. मी मोठं करून बघितलं. पडद्यावर पिवळा गोळा थरथरत होता. मी कडी धरली. थंड होती. जरा फिरवली, गोळा लहान झाला. अजून जरा, त्याला कडा आल्या. शेवटाच्या अलीकडे, अगदी हळू, आणि अक्का आली. भांगात पांढरं. गळ्याजवळ दोन रेघा, त्या मला ठाऊक नव्हत्या. चष्मा नव्हता, डोळे बारीक करून ती माझ्या दिशेला बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते, तिच्यासाठी इकडे काळोखच होता. ओठ हलत होते. सापांशी बोलत असावी. मग ते थांबले, आणि ती नुसती बघत राहिली. पापण्या ओल्या होत्या, एकेक केस दिसत होता.

यापेक्षा चांगला फोकस या लेन्सनं मला कधी दिला नव्हता.

‘बंतेन गं?’ तिकडून हाक आली. आलं का?

बंतु म्हटलं असतं तर तिनं टॉर्च विझवला असता. मग फोटो, मग स्कूटर, मग रात्रीची गाडी. मी कडीवरचा हात काढून घेतला, पडद्याच्या आणखी जवळ वाकले.

‘अजून नाही अक्का,’ मी ओरडले. ‘हलू नकोस. थांब तिथंच.’